धारवाडची इमारत का कोसळली? एक दुर्घटना, अनेक कारणं आणि खरं कारण ओळखायची रीत

धारवाड : १९ मार्च २०१९, मंगळवार. दुपारी पावणेचारच्या सुमारास धारवाडच्या कुमारेश्वर नगरातली बहुमजली व्यापारी इमारत काही क्षणांत खाली बसली. वरच्या मजल्यांचं काम अजून चालू होतं, आणि खाली दुकानं सुरूही झाली होती. त्यामुळे ढिगाऱ्याखाली कामगार सापडले, दुकानदार सापडले, सामान घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही सापडलं. १९ जणांचा जीव गेला.

बचावकार्य संपायच्या आधीच "इमारत का पडली" याची उत्तरं मिळायला लागली होती. कुणी म्हणालं माल हलका वापरला, कुणी म्हणालं मजले जास्त चढवले, कुणी डिझाइनला दोष दिला, कुणी जमिनीला, तर कुणी खालच्या दुकानांत केलेल्या फेरफाराला. आजही हुबळी-धारवाडात हा विषय निघाला की प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

या लेखात कुणाला दोषी ठरवायचं नाही, ते न्यायालयाचं काम आहे. इथे एवढंच पाहायचं आहे की इमारत पडल्यावर जी कारणं सांगितली जातात त्यांचा अर्थ काय, ती तपासायची कशी, आणि कुठलं कारण पुढे आल्याने कोण सुटतं.

थोडक्यात घटना

- ठिकाण : कुमारेश्वर नगर, धारवाड. हुबळी-धारवाड महानगरपालिकेची हद्द.
- तारीख : १९ मार्च २०१९.
- मृत्यू : १९.
- इमारतीची अवस्था : खाली दुकानं सुरू, वर बांधकाम चालू.
- बचाव : अग्निशमन दल, पोलीस, राज्य आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, शिवाय स्थानिक लोक. चौथ्या दिवशी, म्हणजे २२ मार्चलाही माणसं जिवंत बाहेर काढली गेली.
- पुढची कारवाई : इमारतीचे मालक आणि अभियंता यांच्यावर गुन्हा, अटक. राज्य सरकारकडून दंडाधिकारी चौकशीचे आदेश. तेव्हा मुख्यमंत्री एच. डी. कुमारस्वामी होते.

त्या वेळच्या बातम्यांत इमारत कुठे चार मजली लिहिलेली सापडते, कुठे पाच मजली. तळमजला मोजायचा की नाही यावर आपल्याकडे एकवाक्यता नाही. "जी प्लस फोर" म्हणजे अभियंत्याच्या भाषेत तळमजला आणि वर चार मजले. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत "उंच इमारत" ठरते. तळमजला धरून पाच मजले झाले की आपण या रेषेवर येऊन पोचतो. म्हणजे 'हायराईज' हे फक्त मुंबई-बंगळूरचं प्रकरण नाही, धारवाड, बेळगाव, निपाणीच्या बाजारपेठेतही ते उभं आहे.

दुर्घटना घडली तेव्हा लोकसभा निवडणूक जाहीर होऊन नऊच दिवस झाले होते. मालकांपैकी एकाचं एका माजी मंत्र्याशी नातं असल्याची बातमी आली आणि चर्चा पिलर-स्लॅबवरून उठून पक्षांवर गेली. एकदा असं झालं की लोक कारणसुद्धा पक्ष बघून निवडतात. म्हणून आपण सरळ तांत्रिक बाजूकडे जाऊ.

कारण पहिलं : माल हलका होता

इमारत पडली की सगळ्यात आधी हेच ऐकू येतं. सिमेंट कमी, वाळूऐवजी माती मिसळलेला एम-सँड, बारीक सळई. यात तथ्य असू शकतं, पण "हलका माल" हा शब्द फार ढोबळ आहे. काँक्रीट बिघडतं ते बऱ्याचदा चांगला माल वापरूनही.

पाण्याचंच घ्या. ५० किलोच्या सिमेंटच्या पोत्याला साधारण २५ लिटर पाणी लागतं. मिश्रण घट्ट वाटतं, ओतायला जड जातं, म्हणून कामगार वरून आणखी दोन बादल्या टाकतात. काम पटकन होतं, पण जादा पाणी उडून गेल्यावर काँक्रीटमध्ये बारीक पोकळ्या राहतात आणि ताकद घटते. पोतं नामांकित कंपनीचं, बिल पक्कं, तरी पिलर कच्चा.

दुसरी गोष्ट पाणी मारण्याची. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस काँक्रीट ओलं ठेवायला हवं. मार्च-एप्रिलच्या उन्हात, पाण्याची टंचाई असताना, किती ठिकाणी हे पाळलं जातं ते आपण रोज बघतो.

तिसरी गोष्ट सेंट्रिंग काढण्याची. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबला १४ दिवस, सहा मीटरहून लांब बीमला २१ दिवस ठेवायचे असतात. भाड्याच्या प्लेटा लवकर परत द्यायच्या म्हणून टेकू आधी निघतात.

तपासायचं कसं? पडलेल्या पिलर-बीमचे गोल नमुने, म्हणजे कोअर, कापून प्रयोगशाळेत दाबून बघतात. नियमाप्रमाणे किमान तीन कोअर लागतात. त्यांची सरासरी ताकद ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के तरी यावी लागते आणि एकही नमुना ७५ टक्क्यांखाली असून चालत नाही. सळईचे तुकडे ओढून तपासतात. शिवाय बांधकाम चालू असताना भरलेले काँक्रीटचे क्यूब २८ दिवसांनी तपासल्याची नोंद असायला हवी. ती नोंदवहीच नसेल तर तोही एक पुरावा आहे.

कारण दुसरं : मजले जास्त चढवले

परवानगी एवढ्याची, बांधलं तेवढं, हा वाद प्रत्येक दुर्घटनेत येतो. यात नुसता कागदाचा प्रश्न नाही. एक साधा हिशोब करून बघू.

समजा एका पिलरच्या वाट्याला प्रत्येक मजल्याचं ४ मीटर बाय ४ मीटर, म्हणजे १६ चौरस मीटर क्षेत्र येतं. पाच इंची स्लॅबचंच वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातं. त्यात बीम, भिंती, फरशी, गिलावा, माणसं आणि सामान धरलं की चौरस मीटरला सव्वा टनाच्या आसपास होतं. म्हणजे एका मजल्याचे एका पिलरवर साधारण २० टन. तीन मजल्यांचे ६० टन. त्यावर दोन मजले चढवले की १०० टन. खालचा पिलर तोच, फुटिंग तेच, सळया त्याच.

मजले न वाढवताही भार वाढतो. भारतीय मानकांत राहत्या घराच्या खोलीसाठी माणसं-सामानाचा भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात, दुकानासाठी सुमारे ४००. राहण्यासाठी डिझाइन केलेला मजला दुकानाला दिला की हा भार दुप्पट होतो. रंगाचे डबे, कागदाचे गठ्ठे, फरशांचे ढीग रचले तर त्याहूनही जास्त.

तपासायला मंजूर नकाशा, स्ट्रक्चरल ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष मोजमाप ही तीन कागदं समोरासमोर ठेवावी लागतात. नकाशा मंजूर होताना फक्त भिंती-खिडक्या-पार्किंग बघितलं, की पिलरचा हिशोबही बघितला, हा प्रश्न इथे महापालिकेला विचारावा लागतो.

कारण तिसरं : डिझाइनच चुकलं

या कारणाबद्दल लोकांत सगळ्यात कमी बोललं जातं, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. माल उत्तम, मजले मंजुरीप्रमाणे, तरीही आकडेमोडीत चूक असेल तर इमारत जाते.

सिंगापूरचं उदाहरण जगभर अभियंत्यांना शिकवलं जातं. तिथलं हॉटेल न्यू वर्ल्ड असलेली सहा मजली इमारत १५ मार्च १९८६ ला मिनिटभरात कोसळली, ३३ जण गेले. लोकांना आधी गॅसचा स्फोट वाटला, बॉम्बचीही अफवा उठली. शहरात तेव्हा भुयारी रेल्वेचं काम चालू होतं, तेव्हा बोगद्याकडेही बोट दाखवलं गेलं. चौकशीत निघालं ते वेगळंच. डिझाइन करताना इमारतीचं स्वतःचं वजनच हिशोबात नीट धरलं नव्हतं. माणसं आणि सामान धरलं, भिंती-स्लॅबचं वजन राहिलं. नंतरच्या वर्षांत त्यावर वाढीव वजन चढत गेलं. १५ वर्षं उभी होती म्हणजे मजबूत होती, हा समज त्या दिवशी खोटा ठरला. गंमत अशी की ज्या बोगद्याच्या अभियंत्यांवर संशय होता तेच बचावकार्यात ढिगाऱ्याखाली शिरले.

आपल्या शेजारच्या तमिळनाडूतही असंच झालं. चेन्नईजवळ मौलीवाक्कम इथे २८ जून २०१४ ला बांधकाम चालू असलेली ११ मजली इमारत पडली, ६१ जणांचा बळी गेला. बिल्डरच्या बाजूने पहिलं कारण आलं ते वीज पडल्याचं. त्या दिवशी पाऊस होताच. पण न्यायमूर्ती रघुपती आयोगाच्या चौकशीत ते टिकलं नाही, इमारतीच्या रचनेतले दोष समोर आले. शेजारची तशीच दुसरी इमारत नोव्हेंबर २०१६ मध्ये स्फोट करून पाडावी लागली.

कारण चौथं : जमीन दगा देऊन गेली

हुबळीची काळी माती सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. धारवाड मलनाडच्या तोंडाशी असल्याने तिथे तांबडी माती, मुरूम आणि मध्ये मध्ये काळी माती असं मिश्रण मिळतं. एका प्लॉटच्या दोन टोकांना दोन प्रकारची जमीन लागू शकते. एका बाजूचं फुटिंग मुरुमावर आणि दुसऱ्या बाजूचं काळ्या मातीवर असेल तर इमारत असमान खचते.

पण जमिनीला दोष देताना एक गोष्ट तपासावी. पाया खचणारी इमारत सहसा आधी सूचना देते. भिंतींना तिरप्या भेगा जातात, दारं-खिडक्या अडकतात, इमारत एका बाजूला कलते. पिलर चिरडला तर मात्र सगळं काही सेकंदांत होतं आणि मजले एकावर एक बसतात. धारवाडच्या ढिगाऱ्यातही स्लॅबवर स्लॅब बसलेले दिसत होते. नुसत्या त्या चित्रावरून कारण ठरत नाही, पण पहिली शंका पिलरकडे न्यावी एवढं ते सांगतं.

पक्कं उत्तर फुटिंगपर्यंत खोदूनच मिळतं. फुटिंग जागेवर शाबूत आहे का, खाली दबलंय का, वाकडं झालंय का हे मोजता येतं. बांधकामाआधी माती परीक्षण केलं होतं का, त्याचा अहवाल आहे का, हा दुसरा प्रश्न.

कारण पाचवं : खाली फेरफार केला

दुकानाला शटर मोठं हवं, मध्ये येणारा पिलर नको, पोटमाळा टाकायचा, एसीचा पाइप न्यायचा म्हणून बीमला भोक पाडायचं. असे फेरफार बाजारपेठेत सर्रास होतात. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ ला पडली, १७ जण गेले. तिथे तळमजल्यावर चालू असलेल्या फेरफारात आधाराच्या भागांना धक्का लावल्याचा आरोप झाला. त्याआधी २००७ मध्ये बोरिवलीच्या लक्ष्मी छाया इमारतीतही तळमजल्यावरच्या दुकानातलं काम चर्चेत आलं होतं. तिथे २९ मृत्यू झाले.

तळमजल्याचा पिलर हा सगळ्या इमारतीचा पाय असतो. पाचव्या मजल्यावरचा पिलर कापला तर त्याच्या वरचा भाग धोक्यात येतो. तळमजल्यावरचा कापला तर सगळेच. आणि खालचा एक पिलर गेला की त्याचा भार शेजारच्या पिलरांवर जातो, ते आधीच काठावर असतील तर तेही जातात. याला अभियंते साखळी कोसळणं म्हणतात. लंडनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत १६ मे १९६८ ला अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत निघाली आणि इमारतीचा सगळा कोपरा वरपासून खालपर्यंत गेला. स्फोट लहान होता, पण भार दुसरीकडे वळवायची सोयच रचनेत नव्हती. त्यानंतर ब्रिटनमध्ये बांधकामाचे नियम बदलले.

मग खरं कारण कुठलं?

इथे सगळ्यांची गल्लत होते. आपल्याला एकच कारण हवं असतं. इमारती मात्र बहुतेक वेळा एकाच कारणाने पडत नाहीत.

आपल्या मानकांत डिझाइन करतानाच जादा ताकद ठेवलेली असते. येणारा भार दीडपट धरतात आणि काँक्रीटची ताकद दीड पटीने कमी धरतात. ढोबळमानाने पिलरच्या काँक्रीटमध्ये दोन ते सव्वादोन पट राखीव ताकद असते. म्हणूनच थोडा कच्चा माल वापरलेल्या हजारो इमारती आपल्याभोवती उभ्या आहेत, आणि म्हणूनच गवंडी छातीठोकपणे म्हणतो, "साहेब, काही होत नाही, आजवर कितीतरी केलीत."

आता समजा काँक्रीटची ताकद ठरल्याच्या ६० टक्केच भरली. सव्वादोन पटीतून उरली साधारण एक पूर्णांक पस्तीस पट. इमारत अजून उभी आहे, कुणाला काही कळत नाही. मग वर दोन मजले चढले, भार ६० टनांवरून १०० टन झाला. आता राखीव ताकद एकच्या खाली, शून्य पूर्णांक आठच्या आसपास. इमारत पडायला वारा, पाऊस, भूकंप काही लागत नाही. एखादा ड्रिल, एखादा ट्रकभर विटा पुरतात. हा धारवाडच्या इमारतीचा हिशोब नव्हे, समजण्यासाठी केलेला आहे. पण यातून दिसतं ते असं की हलका माल हेही खरं, जास्त मजले हेही खरं, आणि शेवटचा ड्रिल हेही खरं. प्रत्येकाने थोडी थोडी राखीव ताकद खाल्ली. शेवटचा घास कुणी घेतला यावरच भांडण चालतं.

कारणामागे माणूस उभा असतो

कुठलं कारण मान्य झालं तर कुणावर येतं, ते असं :

- माल हलका : कंत्राटदार, आणि पैसे वाचवायला सांगणारा मालक.
- मजले जास्त : मालक, आणि बघून न बघितल्यासारखं करणारी महापालिका.
- डिझाइन चुकीचं : सही करणारा स्ट्रक्चरल अभियंता.
- जमीन : माती परीक्षण न करणारा किंवा अहवाल बाजूला ठेवणारा.
- खालचा फेरफार : भाडेकरू दुकानदार, आणि त्याला परवानगी देणारा.
- वीज, पाऊस, दैव : कुणीच नाही.

ही यादी समोर ठेवली की दुर्घटनेनंतरची विधानं नीट कळतात. मालक भाडेकरूकडे बोट दाखवतो, भाडेकरू मालाकडे, कंत्राटदार डिझाइनकडे, अभियंता "माझ्या ड्रॉइंगप्रमाणे बांधलंच नाही" म्हणतो, आणि महापालिका कागद दाखवते. यातलं प्रत्येक विधान खोटं असेलच असं नाही. पण प्रत्येक विधान करणाऱ्याला त्यातून काहीतरी मिळत असतं. म्हणून कोण बोलतंय एवढ्यावर न थांबता तो कुठला कागद, कुठला नमुना दाखवतोय ते बघायचं.

पुरावा ढिगाऱ्यात असतो, आणि ढिगारा हलवला जातो

बचावकार्य करताना आधी माणूस, मग पुरावा, हे बरोबरच आहे. जेसीबी, क्रेन, कटर लावून स्लॅब फोडावेच लागतात. पण त्याच कामात कुठला पिलर कुठे होता, कुठल्या सांध्यापाशी तुटला हे पुसलं जातं. नंतर ढिगारा ट्रकमधून कुठेतरी खड्ड्यात जातो, सळई भंगारात जाते. वर्षभराने न्यायालयात तज्ज्ञ उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात फोटो आणि तोंडी जबाब एवढंच उरतं.

यावरचा जगातला सगळ्यात मोठा धडा न्यूयॉर्कचा. ११ सप्टेंबर २००१ ला विमानं धडकलेले दोन मनोरे सगळ्यांना आठवतात. पण त्याच संध्याकाळी सव्वापाचनंतर, विमान न धडकलेली ४७ मजली सातवी इमारतही पडली. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने २००८ मध्ये अहवाल दिला. आगीने तापून तुळया फुगल्या, त्यांनी ७९ क्रमांकाच्या स्तंभापाशी एक मुख्य तुळई बैठकीवरून सरकवली, आणि तिथून साखळी सुरू झाली. सुरुंगाचा पुरावा मिळाला नाही, असं संस्थेने म्हटलं. तरी सुरुंग लावल्याचा संशय घेणारे आजही आहेत. त्यांच्या संघटनेने पैसा पुरवलेला अलास्का विद्यापीठातला एक अभ्यास २०२० मध्ये आला, तोही सरकारी निष्कर्षाशी सहमत नव्हता. हा वाद इतका लांबायचं एक कारण साधं आहे. पडलेलं पोलाद ढिगाऱ्याबरोबर लवकर हलवलं गेलं, त्यामुळे पुढच्या तपासाला बरंचसं संगणकावरच्या हिशोबावर अवलंबून राहावं लागलं. जिथे वस्तू उरत नाही तिथे संशयाला जागा मिळते.

एवढी साधनं असलेल्या देशात हे होतं, तर आपल्या जिल्ह्यात काय होत असेल? म्हणून बचावकार्य चालू असतानाच एक स्वतंत्र अभियंता केवळ चित्रण आणि नोंदीसाठी जागेवर असायला हवा. तळमजल्याच्या पिलरचे तुकडे क्रमांक घालून वेगळे ठेवायला हवेत. फुटिंग उघडून मोजायला हवीत. क्यूबची नोंदवही, सिमेंट-सळईची बिलं, ड्रॉइंग, आसपासच्या दुकानांचं सीसीटीव्ही चित्रण पहिल्याच दिवशी ताब्यात घ्यायला हवं. हुबळी-धारवाडला यासाठी बाहेरून माणसं आणायचीही गरज नाही. हुबळीचं केएलई तांत्रिक विद्यापीठ, धारवाडचं एसडीएम अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आयआयटी हाकेच्या अंतरावर आहेत.

दंडाधिकारी चौकशीबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही प्रशासकीय चौकशी असते. ती कारणं शोधते, शिफारशी करते, पण शिक्षा देत नाही. शिक्षा फौजदारी खटल्यातून होते, आणि तिथे पुराव्याची पट्टी वेगळी असते. त्यामुळे "चौकशी झाली" म्हणजे "न्याय झाला" असं होत नाही, आणि खटल्यात कुणी सुटला म्हणजे इमारत चांगली होती असंही होत नाही. नातेवाइकांना आणि शहराला दोन्हींची गरज असते : दोषी कोण, आणि पुढच्या वेळी काय टाळायचं.

एक गोष्ट ज्यावर वाद नाही

माल, मजले, डिझाइन, जमीन, फेरफार यांवर कितीही वाद घाला. वर काम अपुरं असताना खाली दुकानं सुरू होती, यावर वाद नाही. इमारत रिकामी असती तरी ती पडली असती, पण मृतांमध्ये दुकानात आलेलं गिऱ्हाईक नसतं.

ठाण्याजवळ मुंब्रा-शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ ला बेकायदा इमारत पडून ७४ जण गेले, तिथेही वर बांधकाम चालू होतं आणि खाली कुटुंबं राहायला आली होती. जागा वेगळी, भाषा वेगळी, पद्धत तीच. भाडं लवकर सुरू व्हावं, डिपॉझिट हातात यावं म्हणून खालचे गाळे आधी दिले जातात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, कुठल्याही गावाच्या स्टँडसमोर उभं राहून बघा, असं एखादं काम दिसेलच.

कायदा मात्र स्पष्ट आहे. कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६ च्या कलम ३१० प्रमाणे बांधकाम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र देऊन वापराची परवानगी घेतल्याशिवाय इमारत वापरता येत नाही. हाच तो भोगवटा दाखला. धारवाडपुरता हा एक नियम पाळला असता तर वरची पाचही कारणं खरी असूनही बरेच जीव वाचले असते.

गाळा किंवा फ्लॅट घेण्याआधी

- भोगवटा दाखला बघा. "फाईल पुढे गेलीय" हे उत्तर नव्हे.
- मंजूर नकाशात किती मजले आहेत ते बघा आणि रस्त्यावर उभं राहून मोजा.
- स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर कुणाची सही आहे, माती परीक्षणाचा अहवाल आहे का ते विचारा.
- मालक दाखवत नसेल तर माहिती अधिकारात महापालिकेकडे नकाशा आणि परवानगीची प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवा.
- रेरा नोंदणी असलेल्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत रचनेतला दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो.
- आपल्या गाळ्यात पिलर, बीम, स्लॅबला भोक पाडू नका, शेजाऱ्यालाही पाडू देऊ नका.

ही लक्षणं दिसली तर बाहेर पडा

पिलरवर उभ्या भेगा, काँक्रीटचे पापुद्रे निघून सळई उघडी पडणं, पिलर आणि बीमच्या सांध्यात नवी चीर, एकदम अडकायला लागलेलं शटर, फरशा उचलल्या जाणं, कडकड असा आवाज किंवा वरून सतत पडणारी वाळू-माती. यातलं काही तळमजल्यावर दिसलं तर गिलावा करून झाकू नका. दुकान बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, ११२ ला फोन करा. सामान आणायला परत आत जाऊ नका. गल्ला नंतर मोजता येतो.